चौकोनाचा भाव

"ताई, ऐकलं का? स्थळ खिडकीतूनच नापास झालं!"

वहिनींनी भिंतीपलीकडून अशी सुरुवात केली की मी आधी गॅस बंद करते. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी, आणि त्यांच्या मुनग्याच्या निम्म्या फांद्या आमच्या अंगणात. शेंगा कोणाच्या हा वाद आम्ही कधी काढला नाही. बोलता बोलता ज्याच्या हाताला लागतील त्याच्या.

"कोणाचं स्थळ?"

"आमच्या जावेच्या मुलीचं. सांगितलं होतं न तुम्हाला, महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला चौबे कॉलनीतल्या त्या बाई भेटल्या होत्या? त्यांचा मुलगा. सिलतऱ्याला कारखान्यात इंजिनीयर, बोलायला नम्र, व्यसन म्हणाल तर चहासुद्धा अर्धा कप. काल बघायला आले. पोहे झाले, दोघं गच्चीवर जाऊन बोलून आले, हसत हसत खाली उतरले. मी म्हटलं, झालं, आता याद्या करायला बसा. पण आमच्या नागपूरच्या आत्याबाई येऊन राहिल्या आहेत न, त्या बसल्या होत्या खिडकीशी. पाहुणे कशातून उतरले ते त्यांनी बघून घेतलं."

"कशातून?"

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एस-प्रेसो."

"मग?"

"मग काय! पाहुणे फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच आत्याबाई म्हणाल्या, मुलगा लाखात एक आहे, पण डबा चालवतो."

आता हे मला लागणारच. आमच्या पोर्चमध्ये पांढरी वॅगन आर उभी असते. आमच्या रायपुरात सिलतरा-उरल्याच्या कारखान्यांकडून रात्रभरात जी काळी धूळ येऊन बसते ती मी रोज सकाळी फडक्याने पुसते. इतकी सेवा केल्यावर माया लागतेच.

"वहिनी, मग आमचीही डबाच की!"

"तुमचं कोण म्हणून राहिलं, बाप्पा! तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घेतली. गुडघ्यांसाठी घेतलेल्या गाडीला कोणी नाव ठेवत नाही. पण लग्नाच्या पोराने..."

वाक्य अर्धवट सोडून त्यांनी स्वतःच्या पोर्चकडे नजर टाकली. तिथे त्यांच्या मुलाची जिमनी होती. दसऱ्याला घेतलेली. आधी पुरानी बस्तीत महामायेला नेऊन आणली, मग चाकाखाली लिंबू चिरडलं, मग सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, पेढे. पेढे मीही खाल्ले होते, म्हणून जपून विचारलं, "हिला पाहून काय म्हणाल्या होत्या आत्याबाई?"

"हिला? अहो, व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि म्हणाल्या, काय रुबाबदार दिसते, कशी अगदी चौकोनी!"

"म्हणजे चौकोनीच न तीही?"

वहिनी जरा थांबल्या. एक शेंग तोडली, तिच्याकडे पाहिलं. "चौकोनीच. पण वेगळी चौकोनी."

ही वेगळी चौकोनी म्हणजे काय, हे वहिनींकडून काढून घेण्याच्या बेतात मी होते तेवढ्यात समोरचे भाऊ दुधाची पिशवी हलवत रस्ता ओलांडून आले. भाऊ भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. आयुष्य पत्र्याची जाडी मोजण्यात गेलं, त्यामुळे मिलिमीटरशिवाय बोलणं त्यांना पटत नाही. मोहल्ल्यात कोणाच्या घरी काय शिजतं ते आम्हा दोघींना कळतं, आणि ते किती ग्रॅम आहे ते भाऊंना.

"वेगळी किती, ते मोजून बघू," असं म्हणून ते घरी गेले आणि लोखंडी टेप घेऊन आले.

मग भर सकाळी आम्ही तिघं दोन्ही पोर्चमध्ये गाड्या मोजत फिरलो. भाऊंनी जिमनीच्या नाकासमोर फरशीवर खडूने रेघ मारली, मागे टांगलेल्या चाकाखाली दुसरी. टेपचं टोक मी धरलं होतं. वहिनी त्यांच्या गाडीला ओरखडा पडू नये म्हणून हात आडवा धरून उभ्या. मग तोच प्रयोग आमच्याकडे, फक्त इथे ओरखड्याची काळजी कोणी केली नाही. भाऊंनी आपले आकडे मोबाइलवर कंपनीच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि निकाल दिला.

"लांबी जिमनीची 3985 मिलिमीटर, मागचं चाक धरून. वॅगन आरची 3655. फरक एक फूट आणि वर एक इंच. उंची 1720 आणि 1675, साडेचार सेंटिमीटर. आता रुंदी ऐका. 1645 आणि 1620." त्यांनी टेप खाडकन मिटवली. "अडीच सेंटिमीटर. वहिनी, तुमच्या रुबाबाची रुंदी अडीच सेंटिमीटर आहे."

"आणि किंमत?" मी हळूच विचारलं.

"ती मात्र दुपटीहून जास्त. जिमनी 2023 च्या जूनमध्ये आली तेव्हाच 12 लाख 74 हजारांपासून होती. वॅगन आर 2025 च्या जीएसटीकपातीनंतर पाच लाखांच्या आतून सुरू झाली. आणि तुमच्या त्या नापास झालेल्या मुलाची एस-प्रेसो तर तेव्हा साडेतीन लाखांपासून. 2025 च्या सप्टेंबरात कर उतरला तेव्हा ती मारुतीची सर्वांत स्वस्त गाडी झाली, ऑल्टोच्याही खाली."

"हे आत्याबाईंना सांगू नका," वहिनी चटकन म्हणाल्या.

भाऊ एकदा आकड्यांवर घसरले की थांबत नाहीत. म्हणाले, या गाड्या चौकोनी कोणी हौसेने केलेल्या नाहीत, सरकारने करायला लावल्या आहेत. 2006 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 वर आणला, पण अट घातली: लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसीपर्यंत. आजही पेट्रोल गाडी त्या चौकटीत बसली तर 18 टक्के, आधी उपकर धरून 29 होता. लांबीवर कर लागतो, उंचीवर लागत नाही. मग डोकं असलेला माणूस कुठे वाढेल? वर वाढेल.

"तुमची जिमनी 3985 का आहे, 4005 का नाही, ते आलं लक्षात?"

"आमचीसुद्धा कर वाचवायलाच?" वहिनींचा चेहरा पडला.

"पंधरा मिलिमीटरने वाचली. पण तिचं इंजिन 1500 चं आहे, त्यामुळे लांबी वाचवून कर काही वाचला नाही." भाऊंना दया म्हणून माहीत नाही.

ही युक्ती मुळात जपान्यांची. तिकडे छोट्या गाड्यांचा एक वर्गच कायद्याने आखून दिला आहे: लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48, उंची दोन मीटरपर्यंत, इंजिन 660 सीसी. एवढ्यात बसलात तर करात सूट. पसरायला बंदी आणि उभं राहायला मोकळीक, म्हणून तिथल्या छोट्या गाड्या बहुतेक उभट. सुझुकीने 1993 च्या सप्टेंबरात वॅगन आर काढली ती याच मापात, आणि तिकडे ती हातोहात खपली. आपल्याकडे आली ती 1999 च्या डिसेंबरात, जरा मोठं इंजिन घेऊन.

"आणि जिमनी?" वहिनींनी आशेने विचारलं.

"तीही त्याच वर्गातली. 1970 ची. अगदी छोट्या इंजिनाची डोंगरात चढणारी गाडी म्हणून जन्मली. आपल्याकडे 1985 मध्ये जिप्सी आली न, पुढे पोलीस नि फौजेकडे असायची, ती तिच्याच कुळातली."

"म्हणजे या दोघी चुलत बहिणी झाल्या!" वहिनी म्हणाल्या. आणि मग, नातं लागल्यावर जो बदल होतो तो त्यांच्या बोलण्यात झाला. त्यांनी आमच्या गाडीच्या टपावर हात ठेवला.

मला मात्र हे नावं ठेवणं नवीन नाही. आमच्या चुलत दिरांनी सँट्रो घेतली होती, अगदी नवी आली तेव्हा. 1998 च्या सप्टेंबरात आली ती, भारतात ह्युंदाईची पहिली गाडी. त्या काळात सुंदर गाडी म्हणजे झेन, नाकात बसकी, अंगाने गोल. त्या गोलाईत ही उभी, अरुंद, कपाळ पुढे आलेली. दीर गाडी घेऊन दारात आले तेव्हा सासूबाई पायरीवरून म्हणाल्या होत्या, "एवढी उंच कशाला, आत उभं राहून जायचंय का?" कंपनीलाही हे ठाऊक असणार, नाहीतर पहिल्याच जाहिरातीत शाहरुख खानला कशाला उभं केलं असतं! पण वर्षभरात दिरांच्या घरी पाहुण्यांची ने-आण फक्त सँट्रोतून होऊ लागली. ज्यांनी नावं ठेवली ते मागच्या सीटवर बसून म्हणायचे, जागा मात्र मोप आहे हो.

पुढे तर गंमतच झाली. 2006 च्या डिसेंबरात मारुतीने एक एस्टिलो काढली. वॅगन आरचाच सांगाडा आणि तेच इंजिन, वरचं अंग मात्र गोल, नावही जुन्या लाडक्या झेनचं पुढे लावलेलं. ज्यांना डबा नको त्यांच्यासाठी सोय. ती एस्टिलो काही वर्षांत बंद झाली. आणि जिच्यापासून लोकांना वाचवायचं होतं ती अजून चालूच आहे.

"आणि व्हॅन विसरलात का, ताई? खरा डबा तर ती!"

खरं आहे. 1984 मध्ये आलेली ओम्नी. त्यात आकार लपवायचा प्रयत्नसुद्धा नव्हता. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात रायपूरच्या उन्हात पुढे बसलेल्या माणसाला वरून सूर्य आणि खालून इंजिन. शाळेची मुलं त्यातून, पेशंट त्यातून, सिनेमातल्या नायिकेला पळवायची तीही त्यातूनच. 2019 पर्यंत चालली. तिला कोणी हसलं नाही, कारण ती दिसण्यासाठी आहे असं कोणी समजतच नव्हतं. हसू येतं ते डब्याने स्वतःला मोटार म्हणवलं की.

तेवढ्यात वहिनींकडची कामवाली झाडू घेऊन बाहेर आली. दोन गाड्या, टेप आणि खडूच्या रेघा पाहून थांबली. वहिनींनी तिलाच विचारलं, दोन्हींतली कोणती आवडते? ती आमच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "एहा बने हे दाई, चढे-उतरे मं बने हे." आणि खडूच्या रेघा झाडून टाकल्या.

चढण्या-उतरण्याचं तिला कसं कळलं, तर सासूबाईंना गाडीत बसवायला रोज तीच मदत करते. ते दृश्य बघण्यासारखं असतं. आमची जुनी गाडी बसकी होती. त्यात शिरायचं म्हणजे आधी मान खाली, मग कंबर, मग स्वतःला सोडून द्यायचं. बाहेर यायला दोन माणसं लागायची, एक ओढायला आणि एक "हळू, हळू" म्हणायला. जिमनीचं उलट. वहिनींनी मोठ्या मनाने एकदा सासूबाईंना तीतून दवाखान्यात नेलं होतं. पाय आधी वर टाकायचा, आणि तोच तर उचलत नाही. शेवटी वहिनींच्या मुलाने भाजीची प्लास्टिकची क्रेट उपडी ठेवली, तिच्यावर चढून त्या आत गेल्या आणि उतरल्यावर म्हणाल्या, "हत्तीवरून आल्यासारखं वाटलं." वॅगन आरमध्ये त्या दरवाजाकडे पाठ करतात, पदर सावरतात, बसतात. सीट बरोबर त्यांच्या मांडीच्या उंचीवर येते. मग एक पाय आत, दुसरा पाय आत. मान वाकत नाही, अंबाडा छताला लागत नाही. कोणाचा हात न धरता गाडीत बसणं ही त्या वयात केवढी मोठी गोष्ट आहे, ते त्यांच्या तोंडाकडे बघितलं की कळतं.

भाऊ म्हणाले, कंपनीलाही कळलंय. 2025 च्या डिसेंबरात त्यांनी वॅगन आरसाठी बाहेरच्या बाजूला वळणारी सीट काही शहरांत द्यायला सुरुवात केली, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी. माझी भाची अमेरिकेत असते, तिने एक मजेची गोष्ट सांगितली होती. तिकडे होंडाने 2002 मध्ये एलिमेंट नावाची एक ठोकळेबाज गाडी काढली, समुद्रावर हुंदडणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी म्हणून. पोरांच्या बरोबरीने ती उचलली त्यांच्या आईबापांनी. गुडघे काय, इथून तिथून सारखेच.

"ते सगळं खरं," वहिनी आता कंबर कसून उभ्या राहिल्या, "पण मला एक सांगा. परवा माझा भाऊ स्टेशनवर उतरला. तुमचे हे गेले न आणायला? तो सांगत होता, गाडीशी उभे होते तर तीन माणसं येऊन विचारून गेली, भैया, भाठागांव चलोगे?"

हे मात्र आमच्या घरातलं नाजूक प्रकरण आहे. निम्म्या टॅक्सी वॅगन आर, त्यात आमची पांढरी. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि लोक विचारतात खाली है क्या. पहिल्यांदा चिडायचे. आता म्हणतात, "नाही, बुक आहे," आणि माझ्याकडे बोट दाखवतात.

"दुसरं," वहिनींनी बोट मोडलं. "नागपूरला जाताना भंडाऱ्याच्या अलीकडे ट्रक बाजूने गेला की तुमची गाडी हलते. मी बसलेय, मला माहिती आहे."

"हलते," मी म्हटलं. उंच आणि हलकी गाडी, वाऱ्याला अंग मोठं. ऐंशीच्या वर गेलं की आमचे हेच पाय सैल सोडतात.

"आणि तिसरं, जे खरं महत्त्वाचं." वहिनींचा आवाज बदलला, त्यात थट्टा उरली नव्हती. "ठोकर लागली तर? माझ्या पोराने गाडी घ्यायच्या आधी सगळं वाचून काढलं होतं. काय ते तारे देतात न?"

भाऊंनी मान हलवली. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने 2023 मध्ये वॅगन आर आपटून पाहिली तेव्हा मोठ्या माणसांसाठी एक तारा मिळाला, लहान मुलांसाठी शून्य. एस-प्रेसोला 2020 मध्ये शून्य, 2022 मध्ये एक. "हे नाकारून चालणार नाही. आता 2025 पासून वॅगन आरच्या सगळ्या मॉडेलांना सहा एअरबॅग आल्या, चांगलं झालं. पण एअरबॅग म्हणजे सांगाडा नव्हे. सांगाडा डगमगला तर पिशव्या किती पुरणार? मात्र दोष उभट आकाराचा नाही, एवढं ध्यानात घ्या. टाटाची पंच बघा. तीही आखूड, तीही उभट. 2021 मध्ये पाच तारे घेऊन आली, आणि 2024 सालात देशात सगळ्यांत जास्त खपली. डबा मजबूत करता येतो. करायचा की नाही हा हिशेबाचा प्रश्न."

यावर कोणीच काही बोललं नाही. गाडीला नावं ठेवायचीच असतील तर ही जागा होती. पण आत्याबाईंनी खिडकीतून तारे मोजले नव्हते.

गप्पा पुन्हा रुळावर आणायला मी गल्लीबोळ काढले, कारण तिथे माझी बाजू भक्कम आहे. शारदा चौकापासून तात्यापारा चौकापर्यंतचा रस्ता रुंद होणार, होणार, हे ऐकत आम्ही म्हाताऱ्या झालो. सदर बाजारात एका बाजूला सोनाराची दुकानं, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाकी, मध्ये ठेला. तिथे गाडी वळवायची म्हणजे भाऊंच्या आकड्यांनी बघा: वॅगन आर 4.7 मीटरच्या त्रिज्येत वळते, जिमनीला 5.7 लागतात. तो एक मीटर म्हणजे एक अख्खा पाणीपुरीवाला. गेल्या दिवाळीत वहिनींच्या मुलाला त्या वळणावर तीनदा मागेपुढे करावं लागलं, आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांत आमचे हेच होते.

सामानाचंही तसंच. आमच्या डिकीत 341 लिटर जागा, जिमनीत मागची सीट उभी असेल तर 208. नागपूरला जाताना जवाफूल तांदळाची पोती, मुनग्याच्या शेंगा, ठेठरी-खुरमीचे डबे आणि येताना संत्र्यांच्या पेट्या. एवढं आमच्यात जातं आणि वर एक पाहुणा येतो.

"पण बारनवापाऱ्याच्या जंगलात जाऊन दाखवा बरं पावसात!" वहिनींनी पलटवार केला. "आमची जमिनीपासून 210 मिलिमीटर उंच, चारही चाकं ओढतात. तुमची किती, 165? मागच्या आषाढात अंडरपासमध्ये पाणी भरलं होतं तेव्हा तुम्ही सगळे वळसा घालून आलात आणि माझा पोरगा..."

"तोही वळसा घालूनच आला," भाऊ म्हणाले. "मी त्याच्या मागे होतो."

"तो माझ्या सांगण्यावरून! गाडी गेली असती." वहिनी हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. "आणि तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, आमची गाडी जपान्यांना पण पाहिजे. गुरुग्रामला बनते आणि तिकडे जाते."

हेही खरं निघालं. भाऊंनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं: 2025 च्या सुरुवातीला जपानात ही पाच दारांची जिमनी विकायला काढली तर चार दिवसांत सुमारे 50,000 मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. "इकडे मात्र लोक तिच्यासोबत फोटो काढतात आणि पैसे वॅगन आरला देतात. 2024-25 या आर्थिक वर्षात 1 लाख 98 हजारांवर वॅगन आर खपल्या. सलग चौथं वर्ष, देशात पहिला नंबर."

"एवढे नावं ठेवणारे, मग घेतं कोण?"

"नावं ठेवणारेच घेतात," मी म्हटलं. "पण सांगतात की सासूच्या गुडघ्यांसाठी घेतली."

वहिनी खळखळून हसल्या. मग अचानक गंभीर होऊन म्हणाल्या, "ताई, पण त्या पोराचं काय करू हो? पोरीला आवडलाय. काल रात्री जाव रडून राहिली होती. आत्याबाईंचा शब्द घरात कोणी मोडत नाही."

मी म्हटलं, आत्याबाईंना बोलून काही पटायचं नाही. त्यांना आज ब्रह्मपुरीच्या दत्तमंदिरात जायचं आहे न, आमच्या गाडीतून पाठवा. त्यांचेही गुडघे साठ वर्षांचे नाहीत.

संध्याकाळी आमचा धाकटा त्यांना घेऊन गेला. ब्रह्मपुरीच्या अरुंद बोळातून थेट मंदिराच्या तोंडाशी सोडलं, दर्शन झाल्यावर तिथूनच उचललं. परतल्यावर आत्याबाई काही न बोलता घरात गेल्या. मी भिंतीशी कान लावून होते, पण पलीकडून कुकरच्या शिट्ट्यांखेरीज काही येईना. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला वहिनींची हाक आली. दोन्ही हात शेंगांनी भरलेले, चेहरा फुललेला.

"ताई, जमलं!"

"आवडली गाडी?"

"तशी कुठे आवडते! आल्यावर म्हणतात कशा, बसायला बरी आहे, उतरायलाही बरी आहे, पण दिसते मेली डबाच. मग हळूच विचारलं, केवढ्याला पडते गं ही? मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, आत्याबाई, या जपानी पद्धतीच्या गाड्या आहेत, चौदा लाखांच्या खाली मिळत नाहीत. आणि तो पोरगा चालवतो न, ती याहून नवीन, ती सोळाला जाते."

"वहिनी!"

"थांबा तर. आत्याबाई गप्प बसल्या. चहा संपवला. मग म्हणतात, तरीच! मी काल खिडकीतून पाहिलं तेव्हाच वाटलं होतं, आकारात काहीतरी रुबाब आहे. साधी गाडी अशी सरळ उभी राहत नाही. आणि स्वतःच फोन लावला त्या चौबे कॉलनीवाल्या बाईंना. मार्गशीर्षातला मुहूर्त बघून राहिले आता."

मला हसू आवरेना. कालपासून आम्ही टेप लावून जे मोजत होतो ते वहिनींनी एका वाक्यात मोजून टाकलं होतं. चौकोन तोच, पत्रा तोच, अडीच सेंटिमीटरसुद्धा हललं नव्हतं. फक्त किंमत वाढवली आणि डब्याचा रुबाब झाला.

समोरून भाऊ दुधाची पिशवी घेऊन येताना दिसले. वहिनींनी घाईघाईने अर्ध्या शेंगा माझ्या हातात कोंबल्या आणि भिंतीवरून पुढे वाकल्या.

"ताई, आत्याबाई लग्न लागेपर्यंत इथेच आहेत. तेवढे दिवस भाऊंना सांगून ठेवा हो, काय पाहिजे ते बोला, पण आकडे बोलू नका."